सहाव्या मण्यापर्यंत

मी दहा मण्यांची एक चौकट बोलतेय. मराठी माझी मातृभाषा नाही, तेव्हा ऐकताना मध्येच एखादा खडा लागला तर सांभाळून घ्या. सध्या माझा मुक्काम सिंगापुरात, बेडोकच्या एका कॉन्डोत, जेवणाच्या टेबलावर फोन उभा करायचा स्टँड असतो त्याच्या शेजारी आहे. त्याआधी बराच काळ मी बॉम्ब शेल्टरमध्ये होते. इथल्या नव्या घरांत अशी एक खोली असते. जाड भिंती, लोखंडी दार. युद्ध झालंच तर माणसांनी आत जाऊन बसावं म्हणून बांधलेली. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तीत रिकाम्या सुटकेसी, जुने कुकर आणि नकोशा भेटवस्तू ठेवतात. उद्या बॉम्ब पडलाच तर या वस्तू सुखरूप राहतील. माणसांना आत जागा नाही.

माझा जन्म आंध्रातला, लाखेची खेळणी करणाऱ्या एका गावातला. हलकं पांढरं लाकूड यंत्रावर गरगर फिरवायचं आणि त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घासून घासून लाख वितळते आणि रंग चढतो. शेवटी केवड्याच्या पानानं पुसलं की मणी असा चकाकतो की पोरांना तो तोंडात घालावासा वाटतो. असे दहा मणी एका सळईवर ओवले, दोन्ही बाजूंना खांब ठोकले, आणि मी झाले. मणी डावीकडून उजवीकडे सरकवायचे आणि मोजायचं, एवढंच माझं काम. माणसं याहून सोप्या कामाचाही विचका करू शकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला विकत घेतलं काकीनाड्याच्या वरलक्ष्मीबाईंनी. अंबाडीच्या लोणच्याची बरणी आणि दोन नव्या साड्या यांच्यामध्ये बसून मी सिंगापूरला आले. त्यांची मुलगी हिमबिंदू आणि जावई रुचिर तेव्हा इथल्याच पुंगोल भागात राहत. रुचिर पुण्याचा. दोघं हैदराबादच्या एका कंपनीत भेटली, तिथेच जमलं, आणि मग नोकरीनं दोघांना इथे आणलं. मुलीचं नाव जाई. ती तेव्हा चालायला लागली होती आणि हाताला येईल ते सोफ्याखाली सारत होती.

इथे नोकरीला आलेल्या जोडप्यांच्या घरी आज्या पाळीपाळीनं येतात. व्हिजिट पास संपला की एक जाते, दुसरी येते. गिरणीत जशी पाळी बदले तशीच. फक्त इथे भोंगा होत नाही, चांगी विमानतळावर डोळे पुसले जातात. नवी पाळी आली की आधी मसाल्याचे डबे आपल्या पद्धतीनं लावते. पहिली पाळी वरलक्ष्मीबाईंची होती.

त्यांनी गाणं रचलं ते स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून. जाई भरवताना तोंड मिटून घ्यायची. मग बाई तिला कडेवर घ्यायच्या, मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायच्या आणि तिथून आत-बाहेर जे दिसेल ते गाण्यात घालायच्या.

"ओकटी ओकटी, किटिकी ओकटी." एक खिडकी. एक मणी, एक घास.

"रेंडू रेंडू, रैळ्ळु रेंडू." समोरच्या पुलावरून एलआरटीच्या छोट्या रेल्वेगाड्या जायच्या, एक जाणारी आणि एक येणारी. त्या दोन गाड्या.

मग खालच्या घसरगुंडीच्या तीन पायऱ्या, पाण्यावरच्या चार होड्या, कुंडीतल्या कढीलिंबाची पाच पानं. "आरू आरू, अरटिपळ्ळु आरू." टोपलीतली सहा केळी. आणि असं करत थेट दहापर्यंत. दहाव्या मण्याला जाई टाळ्या पिटायची आणि ओरडायची, "मळ्ळी! मळ्ळी!" म्हणजे पुन्हा. तोवर वाटी रिकामी झालेली असायची, म्हणून पुन्हा म्हणायला कोणाची हरकत नसे.

हे गाणं जुनं नव्हतं, पुस्तकातलं नव्हतं. त्या खिडकीचं होतं. बिंदूला ते येत नव्हतं. ती दिवसभर ऑफिसात, आणि घरी आली की लॅपटॉपमध्ये. शिवाय तिचं लहानपण परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या वसतिगृहांत गेलेलं. तिला तेलुगूत रागावता यायचं, गाता यायचं नाही. रुचिरनं एकदा जाईचा व्हिडिओ घ्यायला फोन उचलला. तीन पायऱ्यांपर्यंत घेतला आणि ऑफिसचा फोन आला. त्या घरात केकचे व्हिडिओ ढीगभर आहेत. गाण्याचा तेवढाच.

पुढची पाळी पुण्याच्या अरुणाबाईंची, म्हणजे रुचिरच्या आईची. तिकिटं काढताना रुचिरनं तारखांचा घोळ घातला आणि दोन्ही विहिणी काही दिवस एकाच स्वयंपाकघरात आल्या. अरुणाबाई आल्या त्या संध्याकाळी जाईनं पाहुणीला आपली विद्या दाखवली. मला ओढत आणलं आणि सुरू केलं, "ओकटी ओकटी..."

अरुणाबाईंनी कौतुक केलं. मग बेडरूमचं दार लावून बहिणीला फोन केला. दार नीट लागलं नव्हतं.

"अगं नीता, पोर तेलुगूत मोजतेय!"

"मोजतेय ना? मग झालं तर."

"तुला काय जातंय म्हणायला! तुझी नात कोथरूडला आहे. मी इथे वर्षातून एकदा येणार. पुढच्या खेपेला आले आणि ती माझ्याशी बोललीच नाही, तर? मी काय दुभाष्या घेऊन बसू?"

यात खोटं काही नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते दुष्टपणानं झालं असं कोणाला वाटायला नको. अरुणाबाई वाईट नव्हत्या. त्यांना नात हवी होती, आणि ती अर्धी दुसऱ्याच्या नावावर गेलेली त्यांना दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला हाती धरलं. "जाई, म्हण. एक." मणी सरकवला. "दोन. तीन." त्यांच्या मराठीला ना चाल होती ना खिडकी. हजेरी घेतल्यासारखे आकडे यायचे. जाईनं जरा वेळ ऐकलं आणि ती अम्मम्माकडे निघून गेली. अम्मम्मा म्हणजे आईची आई.

मग अरुणाबाईंना केळं सापडलं.

वरलक्ष्मीबाईंचं गाणं रंगात यायचं, सहावर पोचायचं, "अरटिपळ्ळु आरू" होतं न होतं तोच अरुणाबाई खरंखुरं केळं घेऊन हजर. "अगो बाई, केळं पाहिजे का माझ्या सोन्याला?" केळं सोलायचं, चकत्या करायच्या आणि बशीत मांडायच्या. "एक. दोन. तीन." जाई गाणं सोडून बशीकडे. गाण्यातल्या केळ्यापेक्षा बशीतलं केळं केव्हाही गोड. माझे चार मणी डावीकडे तसेच राहायचे.

वरलक्ष्मीबाई एकदा हसल्या. दुसऱ्यांदाही हसल्या. तिसऱ्यांदा त्यांनी मला उचलून फडक्यानं पुसलं, बराच वेळ.

त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. हिंदी होती, दोघींचीही मोडकी, आणि मोडली होती ती निरनिराळ्या जागी. परतायच्या दिवशी वरलक्ष्मीबाईंनी मला अरुणाबाईंच्या हातात दिलं.

"वदिनगारू," त्या म्हणाल्या. विहिणीला त्यांच्याकडे अशीच मानाची हाक मारतात. "खाना टाइम, गाना. रोज. पूरा. भूलना नै."

"हो हो, रोज. आप चिंता मत करो," अरुणाबाई म्हणाल्या. टॅक्सी आली. चांगीवर डोळे पुसून झाले.

त्यानंतर गाणं रोज झालं, हे खरं. जाई सुरू करायची आणि सहावर केळं यायचं. मग केळं पाचावर यायला लागलं, मग चारावर. पुढे पुढे जाईनं "ओकटी" म्हटलं की अरुणाबाई माझ्या मण्यांवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "एक." एक म्हटल्याशिवाय मणी सरकायचा नाही. जाई आजीच्या हाताकडे बघायची, माझ्याकडे बघायची. आणि एके दिवशी तिनं काहीच म्हटलं नाही. तेलुगू नाही, मराठी नाही. मोजायची वेळ आली की ती नुसती बोटं वर करायची. भरवताना पुन्हा तोंड मिटायला लागली.

प्लेस्कूलच्या टीचरच्या हे लक्षात आलं. तिनं आईबापांना बोलावून, वाक्याला 'लाह' जोडणाऱ्या इथल्या इंग्रजीत, प्रेमानंच सांगितलं, "शी इज कन्फ्यूज्ड, लाह. ॲट होम जस्ट वन लँग्वेज, कॅन?"

रुचिर आणि बिंदू दोघंही इंजिनियर. सूचना आली की ती त्याच आठवड्यात अमलात आणायची, ही त्यांची सवय. रात्रीच्या जेवणाला घराचं धोरण जाहीर झालं.

"आई, आता थोडे दिवस फक्त इंग्लिश."

"बरं. आणि मी?"

"तूपण."

"म्हणजे मी गप्प बसू."

"तसं नाही गं. साधं साधं बोल."

अरुणाबाईंनी वरणभाताचा घास कालवला आणि नातीकडे बघून म्हणाल्या, "जाई, ईट युवर वरणभात." मग त्या स्वतःच उठून बेसिनशी गेल्या. काकीनाड्याहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा बिंदूनं आईलाही तेच सांगितलं. वरलक्ष्मीबाईंना इंग्रजीत एकच वाक्य येत होतं, "हौ आर यू." ते विचारून झाल्यावर त्या पडद्याकडे नुसत्या बघत बसायच्या.

सीमेवरच्या एका गावावरून दोन राजे भांडत होते, तेवढ्यात तिसरा आला आणि दोन्ही राज्यं घेऊन गेला, असा प्रकार झाला. त्याच आठवड्यात मी बॉम्ब शेल्टरमध्ये गेले.

लोखंडी दारातूनही ऐकू येतं. जाई इंग्रजीत मोजायला लागली, पटापट. बरंच पुढे एका डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की मुलीला काही झालेलं नव्हतं. घरात दोन भाषा काय, चार असल्या तरी बिघडत नसतं, मुलं काही दिवस गप्प होतात आणि मग सगळ्यांत बोलतात. "अच्छा," रुचिर म्हणाला. तोवर जाईला दुसऱ्या कशात बोलायची गरज उरली नव्हती. मग शाळेचा विचार सुरू झाला. इथे शाळेत मातृभाषा हा विषय असतो, पण तेलुगूही नाही आणि मराठीही नाही. मग जाईची मातृभाषा हिंदी असणार असं ठरलं. दोन आज्या ज्या खुर्चीसाठी भांडल्या, ती खुर्ची त्या खोलीत नव्हतीच.

पुंगोलहून बेडोकला बिऱ्हाड हललं तेव्हा मी खोक्यातून आले आणि इथल्या शेल्टरमध्ये गेले. वरलक्ष्मीबाईंची पाळी यायची होती, ती आली नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, शब्द येत नाही. बिंदू धावत काकीनाड्याला गेली. जाईला बघायला अरुणाबाई पुण्याहून आल्या.

एका रविवारी बिंदूचा फोन आला. आवाजावरून ती नुकतीच रडलेली वाटत होती.

"रुचिर, थेरपिस्ट म्हणतात, नेहमीचं, पाठ असलेलं काही असेल तर त्याची ओळ आपण सुरू करायची. शेवटचा शब्द ती म्हणेल. असं करत करत बोलणं परत येतं. मी देवाची स्तोत्रं म्हणून बघितली, काही नाही. मग अम्मानं डाव्या हातानं असं केलं, मणी सरकवल्यासारखं. ती जाईचं गाणं मागतेय. तुझ्याकडे व्हिडिओ आहे ना?"

व्हिडिओ लावला. एक खिडकी, दोन गाड्या, तीन पायऱ्या, आणि मग रुचिरचा आवाज: "हॅलो? येस, टेल मी."

"जाई, बेटा, तुला आठवतं पुढचं?" बिंदूनं विचारलं.

"व्हॉट साँग, ममा?"

अरुणाबाई ओट्याशी उभ्या होत्या.

"मला येतं," त्या म्हणाल्या.

"तुला?" रुचिर वळला. "तुला कसं येतं?"

"सहापर्यंत येतं."

"सहापर्यंतच का?"

त्यांनी शेल्टरचं दार उघडलं, सुटकेसी बाजूला केल्या आणि मला शोधून काढलं. माझ्यावर धूळ होती. ती त्यांनी ओढणीनं पुसली, बराच वेळ. मग फोन स्टँडवर उभा केला आणि मला त्याच्यासमोर धरलं.

पडद्यावर वरलक्ष्मीबाई होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, केस कोणीतरी दुसऱ्यानं विंचरलेले.

"वदिनगारू," अरुणाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच म्हणाल्या. मग घसा खाकरून, हजेरीच्या सुरात नाही, चालीवर: "ओकटी ओकटी, किटिकी..."

पलीकडे ओठ हलले. हलले आणि थांबले. पुन्हा हलले. "...ओकटी."

माझा पहिला मणी उजवीकडे गेला.

"रेंडू रेंडू, रैळ्ळु..."

"रेंडू."

पायऱ्या झाल्या, होड्या झाल्या, पानं झाली. अरुणाबाईंचे उच्चार असे होते की काकीनाड्यात कोणीही हसलं असतं. "आरू आरू, अरटिपळ्ळु..."

"आरू," वरलक्ष्मीबाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी डावा हात वर केला, हवेतलं एक केळं धरलं, आणि दातांनी त्याची साल ओढून सोलल्याचं नाटक केलं. अर्ध्या तोंडानं हसल्या. अर्ध्या तोंडाचं हसणं पुऱ्यापेक्षा जास्त लागतं.

"अम्मा, काय करतेयस?" बिंदूला काही कळलं नाही.

अरुणाबाईंना कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "हां. वो केला मैं लाती थी, वदिनगारू. मैं ही लाती थी."

थेरपिस्ट खूश होते. सहा शब्द म्हणजे फार झाले. पण वरलक्ष्मीबाई खूश नव्हत्या. त्या माझ्या सातव्या मण्याकडे बोट करत होत्या.

"एडू एडू," बिंदूनं आकडा सांगितला. "पण सात काय, अम्मा? सात काय होते?"

वरलक्ष्मीबाईंनी हात सरळ पुढे ढकलला, छातीपासून पडद्यापर्यंत. पुन्हा ढकलला.

"ट्रॉली?" रुचिर म्हणाला. "बस? दार?"

मान हलली. नाही. हात पुन्हा पुढे. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. शेवटी त्यांनी तोंड फिरवलं.

मला माहीत आहे सात काय होते. पुंगोलला समोरच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, खिडक्यांतून कपडे वाळत घातलेल्या काठ्या बाहेर यायच्या, सरळ, बाणासारख्या. "कर्रलु एडू." सात काठ्या. आठ, नऊ, दहाही मला येतात. पण माझ्याकडून आवाज येतो तो एकच, टक्. तुम्हांला मी सांगितलं, पण तुम्ही काही काकीनाड्याला फोन लावणार नाही.

त्या आठवड्यात अरुणाबाई एकट्या एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, पुंगोलला गेल्या. मी पिशवीत होते. जुन्या ब्लॉकखाली त्या उभ्या राहिल्या आणि वर बघून खिडकी शोधली. मग खिडकीकडे पाठ केली आणि तिथून जे दिसत असेल ते बघायला लागल्या: पूल, घसरगुंडी, झाडं, समोरचा ब्लॉक. दुपारचा पाऊस जोरात होता. पावसात इथे लोक सगळ्यात आधी काठ्या आत घेतात. अरुणाबाई त्या खिडक्यांकडे किती वेळ तरी बघत होत्या. खिडक्या रिकाम्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी फोन लागतो. सहापर्यंत गाणं होतं. आता तर अरुणाबाईंनी ओळ सुरू करायच्या आतच पलीकडून आकडा येतो. मग अरुणाबाई त्या आठवड्याचा अंदाज मांडतात.

"झाडं एडू?"

मान हलते.

"दिवे एडू? मांजरं एडू?"

मांजरांना वरलक्ष्मीबाई हसतात. मग हात पुढे ढकलतात. अरुणाबाईही तसाच हात ढकलून बघतात, जणू त्या हाताच्या टोकाला काहीतरी लागेल. जाई शेजारी टॅबलेट घेऊन बसलेली असते. "आजी, जस्ट आस्क गूगल, लाह," ती म्हणते. आजी म्हणतात, "नो, सोन्या. गूगल वॉज नॉट देअर." जाईला हे फार विनोदी वाटतं.

अरुणाबाईंचा पास आता संपत आलाय. मला बरोबर न्यावं की इथे ठेवावं, हे त्यांचं ठरत नाही. एकदा सुटकेसमध्ये ठेवतात, एकदा काढतात. माझी कोणाबद्दल तक्रार नाही. फक्त ज्यांच्या घरी अजून कोणी काही गात असेल, मग ते कोणत्याही भाषेत असो, त्यांना हात जोडून एक सांगणं आहे, मला हात नसले तरी: ते शेवटापर्यंत होऊ द्या. आवडलं नाही तर बाहेर जाऊन उभे राहा, पण होऊ द्या.

जाता-येता जाई माझे सगळे मणी एका फटक्यात उजवीकडे ढकलते. "टेन. डन!" म्हणते आणि खेळायला पळते. मग अरुणाबाई येतात, खुर्ची ओढून बसतात, आणि शेवटचे चार मणी एकेक करून परत डावीकडे आणून ठेवतात.